ऑपरेशन योजनेतून, चालणे कुणाच्या खर्चातून?

आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळू लागले. गुडघेदुखीने बेजार झालेल्या ज्येष्ठांना हा मोठाच आधार आहे. सांधेबदलासारखी खर्चिक शस्त्रक्रिया त्यामुळे अनेकांच्या आवाक्यात आली. मात्र रुग्णाला घरी सोडल्यानंतर हे संरक्षण १५ दिवसांत संपते आणि बाह्यरुग्ण उपचार त्यात बसत नाहीत. नव्या गुडघ्यावर नीट चालायला शिकण्याचे काम तर अजून कित्येक आठवडे बाकी असते.

शस्त्रक्रियेत सांधा बदलतो, त्याभोवतीचे स्नायू तेच राहतात. पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद ऑपरेशनपूर्वीपेक्षाही कमी झालेली असते आणि ती भरून यायला काही महिने लागतात. दुखणे मात्र त्याच्या बऱ्याच आधी कमी होते. नेमकी इथेच गफलत होते. ठणका थांबला की कोर्स संपला, असा आपल्याकडचा हिशेब. ‘दहा दिवस शेक घेतला, करंट घेतला, आता बरे वाटते,’ असे म्हणून रुग्ण यायचा थांबतो. शेक आणि करंट यांनी वेदना कमी होऊ शकते, पण स्नायू बळकट होतो तो हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामानेच. तालमीत वस्ताद पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारायला लावत नाहीत, तसेच हे आहे.

मग कोर्स पूर्ण झाला हे ओळखायचे कसे? दिवस मोजून नव्हे, क्षमता मोजून. हात छातीवर घडी करून खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा उठता येते, ही एक सोपी चाचणी आहे. ७० ते ७४ वयोगटात पुरुषांना १२ आणि महिलांना १० वेळाही उठता आले नाही, तर पायांची ताकद कमी आहे आणि तोल जाऊन पडण्याचा धोका अधिक आहे, असे मानतात. कोणाचाही आधार न घेता जिना चढणे-उतरणे, बसमध्ये चढणे हेही तितकेच महत्त्वाचे निकष.

तरुणांच्या बाबतीत घाई वेगळ्या कारणाने होते. कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉल खेळला जातो, त्यामुळे गुडघ्यातील लिगामेंट तुटल्यावर पुढचा हंगाम गाठण्याचा दबाव असतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात आढळले, की लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके लांबवले, तितकी पुन्हा दुखापत होण्याची शक्यता घटली. दर महिन्याच्या थांबण्यामागे ही घट जवळपास निम्म्याने होती.

तरीही अर्धवट सोडण्याचा सगळा दोष रुग्णाच्या माथी मारता येणार नाही. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून दूर, तर गगनबावडा पन्नासहून अधिक. आठवड्यातून तीनदा यायचे तर एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला रोजगार आणि खासगी केंद्राची फी असा तिहेरी भार पडतो. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात फी कमी लागली, तरी अंतर काही कमी होत नाही.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने ठराव करून पुनर्वसन उपचार प्राथमिक आरोग्यसेवेत आणण्याचे आवाहन सदस्य देशांना केले. जगात सुमारे २४० कोटी लोकांना अशा उपचारांचा उपयोग होऊ शकतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ सरळ आहे. शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्येच पुढील काही आठवड्यांची फिजिओथेरपी धरावी आणि ती तालुक्याच्या ठिकाणी मिळावी. अन्यथा सरकारने शस्त्रक्रियेवर केलेला खर्चही पुरता फळाला येणार नाही.

तोवर रुग्णांनी निदान दोन गोष्टी कराव्यात. घरी सोडतानाच व्यायामाचा लेखी तक्ता मागून घ्यावा. रोज येणे शक्य नसेल, तर तसे स्पष्ट सांगून दोन-तीन आठवड्यांनी फेरतपासणी ठरवून घ्यावी. फिजिओथेरपिस्टला न विचारता मध्येच थांबण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.