पाऊस कर्जतला, पाणी बदलापूरला, इशारा मात्र जिल्ह्याला

मे महिना लागला की संध्याकाळी मुरबाडच्या बाजूने आभाळ काळं होतं, लाइट जाते आणि ग्रुपवर हवामान खात्याची टिंगल सुरू होते. यलो अलर्ट दिला आणि ऊन पडलं, काही सांगितलं नव्हतं आणि पत्रे उडाले, वगैरे. टिंगलीला माझी हरकत नाही, पण ती चुकीच्या ठिकाणी होतेय. म्हणून जरा लांबलचक लिहितोय, वेळ असेल तर वाचा.

आधी वळवाचं. एप्रिल-मेमध्ये सह्याद्री दिवसभर तापतो, समुद्रावरून दमट वारा आत येतो, डोंगरापाशी वर चढतो आणि दुपारनंतर माळशेज-भीमाशंकरच्या रांगेवर ढग उभे राहतात. वरच्या थरातला वारा पूर्वेकडून असेल तर तेच ढग संध्याकाळी बदलापूर-अंबरनाथवर येतात. असा एक ढग म्हणजे काही किलोमीटरचा मामला. 'ठाणे जिल्ह्यात आज मेघगर्जनेसह पाऊस' एवढं सकाळी सांगता येतं. उल्हासनगरच्या कॅम्प ३ ला पडेल की कॅम्प ५ ला, हे जगातलं कुठलंही खातं सकाळी सांगू शकत नाही. ते कळतं रडारवर, आणि तेही ढग उभा राहिल्यावर. आपल्यासाठी कुलाब्याला एक डॉप्लर रडार आहे, २०२२ पासून वेरावलीला दुसरं. त्यावरून पुढच्या तीनेक तासांचा इशारा निघतो, त्याला नाउकास्ट म्हणतात. सकाळचा रंग बघून दिवसभर निर्धास्त राहायचं आणि दुपारचा नाउकास्ट बघायचाच नाही, मग खात्याला बोलून काय उपयोग? विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप फुकट आहे. शेतात, गच्चीवर, बांधकामावर काम करणाऱ्यांच्या फोनमध्ये ते तरी टाकून द्या.

पण वळीव झोडपून निघून जातो. आपला खरा प्रश्न नदीचा आहे.

उल्हास नदी खंडाळा-राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते आणि पुढे कल्याणला जाते. भिवपुरीच्या टाटांच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पाणीही हिच्यातच येतं. म्हणजे हेंद्रेपाड्यात, वालिवलीत किंवा सोनिवलीत जे पाणी शिरतं, त्यातलं बरंचसं बदलापुरात पडलेलंच नसतं. ते पडतं रायगड जिल्ह्यात. माथेरानचा पूर्वेकडचा उतार, कर्जत, खंडाळ्याच्या घाटाचा पायथा, सगळं रायगड. आणि इशारा निघतो जिल्ह्याप्रमाणे! रायगडला रेड आणि ठाण्याला ऑरेंज असेल तर बदलापूरकर ऑरेंज बघून झोपतो. नदीला जिल्ह्याची हद्द कुणी दाखवलीय?

त्यात आपला जिल्हा केवढा! पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला, तरी मीरा-भाईंदरच्या खाडीपासून मुरबाडच्या घाटापर्यंत सगळं एकाच रंगात रंगवलं जातं. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक यांच्या घाटांसाठी हवामान खातं आता वेगळा इशारा देतं. मग कर्जत-मुरबाडच्या घाटपायथ्याला वेगळा का नको?

२६ जुलै २०१९ ची रात्र आठवा. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये चामटोलीजवळ पाण्यात अडकली. सुमारे १०५० प्रवासी, त्यात ९ गरोदर बायका. एनडीआरएफ, नौदल, हवाई दल आणि आसपासच्या गावातली माणसं धावली म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे सुखरूप बाहेर आले. देशभर बातमी झाली, कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण उल्हासचा पूर आभाळातून एकदम कोसळत नाही. वर कर्जत-नेरळला पाणी चढतं, तेव्हा खाली बदलापूरच्या हातात थोडा तरी वेळ असतो. तेवढ्यात गाडी थांबवता येते, तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना वर नेता येतं, पार्किंगमधल्या गाड्या काढता येतात. हा वेळ लोकांपर्यंत पोचवायचा कुणी, हा माझा प्रश्न आहे. २०२१ च्या जुलैत तेच पाणी पुन्हा घरात आलं.

बदलापूरला नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर आहे. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन हे आकडे देतं, आपण ते फॉरवर्ड करतो. पण पातळी बदलापूरला मोजली म्हणजे पाणी दारात आल्यावर कळलं. मला कर्जत आणि नेरळची पातळी हवी आहे, दर तासाला, फोनवर, मराठीत. मुंबईसाठी जून २०२० मध्ये 'आय-फ्लोज' नावाची पूर इशारा यंत्रणा सुरू झाली. पाऊस, भरती, जमिनीचा उतार यांचा हिशोब करून कुठे पाणी साचेल ते ती सांगते. चांगलंच आहे. पण रोज पहाटेच्या लोकलने मुंबई चालवायला जाणारी माणसं राहतात ती इथे, उल्हासच्या काठावर. आमच्यासाठी काय?

वालधुनीचं गणित वेगळं. ती काकोळ्याच्या डोंगरातून निघते, अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरात शिरते. छोटी नदी, काठावर भिंती, पात्रात भराव. इथे हातात तास नसतात, वर जोराची सर आली की पाणी लगेच चढतं. अंबरनाथ नगरपरिषद आणि उल्हासनगर महापालिका यांचा थेट फोन चालू असला तरी पुष्कळ होईल. आणि पात्र अडवून बांधलेल्या इमारतींना परवानगी देताना पूररेषा कुणी पाहिली होती, हेही एकदा कळू द्या. हवामान खात्याने अंदाज कितीही अचूक दिला तरी नाल्यात उभी केलेली भिंत तो काही पाडणार नाही.

एक अफवाही थांबवा. 'बारवी धरण सोडलं, बदलापूर बुडणार' हा मेसेज दर पावसाळ्यात फिरतो. बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, ७२.६० मीटरला पाणी आलं की आपोआप उघडतात. आणि बारवी उल्हासला मिळते ती बदलापूर शहराच्या पुढे, खालच्या अंगाला. तिकडच्या गावांनी सावध राहायलाच हवं, पण हेंद्रेपाड्याने बघायचं ते कर्जतकडे.

२०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मे लाच पोचला. एरवीची तारीख ११ जून. नालेसफाईचं वेळापत्रक मात्र मे अखेर डोळ्यांपुढे ठेवूनच आखलं जातं. यंदा नगरसेवक, आमदार, खासदार कुणीही भेटले तर गटाराच्या फोटोसोबत हेही विचारा: कर्जतची पातळी बदलापूरला कोण कळवतं, आणि रात्री दोन वाजता कळवतं का?

एक काम आपण स्वतः करू शकतो. २००५, २०१९, २०२१ ला तुमच्या इमारतीत पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं ते कमेंटमध्ये लिहा, भिंतीवर खूण असेल तर फोटो टाका. कोपऱ्याचं, गल्लीचं नाव पुरे, फ्लॅट नंबर नको. जमेल तेवढं एकत्र करून नगरपरिषदेच्या आपत्ती कक्षात नेऊन देतो, पोच घेतली की इथे टाकतो.