तेल खरेच बदलले का?

या पानावर डॉक्टर मंडळी कोलेस्टेरॉलवर लिहितात आणि अकाउंटंट मंडळी पेन्शन व करबचतीवर. मी दोन्हींतला नाही. पदवी इंजिनिअरिंगची असली तरी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. तरीही हे चार शब्द संपादकांकडे पाठवत आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या संसारात घराखालोखाल सर्वांत महाग वस्तू म्हणजे गाडी. आणि तिच्या तेलाबाबत आपण जितके निर्धास्त असतो, तितके स्वतःच्या तेलातुपाबाबतही नसतो.

चार वर्षांपूर्वी आम्ही एक जर्मन बनावटीची पेट्रोल गाडी घेतली. नवी नव्हे, तीन वर्षे वापरलेली. पण आमच्या दृष्टीने चैनच. पुण्याला आईबाबांना व्हिडिओवर दाखवली, हळदकुंकू वाहिले, चाकाखाली लिंबू ठेवले. त्याच दिवशी ठरवले की हिची सर्व्हिस फक्त कंपनीच्या डीलरकडे करायची. इतकी चांगली गाडी कुठल्या तरी रेल्वेपुलाखालच्या गॅरेजमध्ये कशी न्यायची? डीलरकडे चकचकीत फरशी, काचेच्या भिंती, फुकटची कॉफी. बिल जास्त येते ते बिनघोर झोपेसाठी, अशी मी मनाची समजूत घातली होती.

दोन वर्षे सगळे ठीक चालले. तिसऱ्या वर्षी सर्व्हिस करून गाडी शुक्रवारी घरी आणली. बिल ३८९ पौंड. त्यात ‘इंजिन ऑइल व फिल्टर बदलला’ या ओळीपुढे बरोबरची खूण होती. शनिवारी सकाळी काच धुण्याचे पाणी भरायला बॉनेट उघडले आणि सहज म्हणून डिपस्टिक ओढली. (बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिक नसते, पातळी पडद्यावरच दिसते. आमच्या गाडीला नशिबाने आहे.) कागदी रुमालावर डाग पडला तो काळाकुट्ट.

इथे थोडा खुलासा करतो. डिझेल गाडीचे नवे तेल थोड्याच वेळात काळे पडते, कारण इंजिनात उरलेली काजळी त्यात लगेच मिसळते. तेव्हा डिझेलवाल्यांनी नुसत्या रंगावरून भांडायला जाऊ नये. पेट्रोल गाडीत मात्र नवे तेल पहिले काहीशे मैल मधासारखे दिसते. माझी गाडी सर्व्हिसनंतर जेमतेम बारा मैल चालली होती.

सोमवारी फोन केला. ‘हल्लीची तेले लवकर काळी पडतात,’ असे सर्व्हिस ॲडव्हायझरने अत्यंत गोड आवाजात सांगितले. मी विचारले, माझ्या जॉब नंबरवर स्टोअरमधून किती लिटर तेल आणि कुठला फिल्टर निघाला, तेवढे सांगता का? तो म्हणाला, पाहून कळवतो. दोन तासांनी वर्कशॉपच्या मॅनेजरचाच फोन आला. ‘काही गैरसमज’ झाला होता. गाडी परत आणा, तेल नव्याने बदलून देऊ, शिवाय धुऊनही देऊ. फिल्टर स्टोअरमधून निघालाच नव्हता, एवढे मी आडून आडून काढून घेतले.

त्या मेकॅनिकला मी चोर म्हणणार नाही. माझ्या धंद्यात हे रोज पाहतो. दिवसाला ठरावीक कामे संपवायची असतात, यादीतल्या चौकटींवर खुणा करायच्या असतात, आणि संध्याकाळ झाली की काम आणि खूण यांची फारकत होते. म्हणून तर आमच्याकडे कुणी कितीही हुशार असो, त्याने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. त्यात कुणाचा अपमान नसतो. मग नोकरीत जे मी कुणालाही करू देत नाही, ते स्वतःच्या गाडीच्या बाबतीत तीन वर्षे कसे चालू दिले? केवळ इमारत मोठी होती म्हणून?

आमच्या बाबांकडे मारुती ८०० होती. तेल बदलायचे असले की ते पेट्रोलपंपावरून सीलबंद डबा स्वतः आणत आणि मेकॅनिककडे स्टूल टाकून बसत. जुने तेल निथळताना पाहत, डबा आपल्यासमोर फोडून घेत, आणि शेवटी तो रिकामा डबा स्क्रू ड्रायव्हरने भोसकायला लावत, म्हणजे त्यात कुणी नकली तेल भरून विकायला नको. मला त्याची लाज वाटे. मेकॅनिकला मात्र त्याचे काही वाटत नसे. तोच आधी चहा मागवी. ही गोष्ट परवा घरी सांगितली तेव्हा बायको म्हणाली, “मग तूही बस की डीलरकडे स्टूल टाकून!”

ते विमा आणि सुरक्षेच्या कारणाने बहुधा बसू देणार नाहीत. पण हा डीलर आपल्या लेखी नक्की कोण, हे आपण मनाशी स्पष्ट करायला हवे. गाडीच्या कर्जावरील कमिशनच्या प्रकरणात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२५ रोजी निकाल दिला. गाडी विकून कर्ज जुळवून देणारा डीलर स्वतःच्या फायद्यासाठी व्यवहार करत असतो, तो ग्राहकाचा विश्वस्त ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले. मात्र एका ग्राहकाच्या बाबतीत डीलरला मिळालेले कमिशन कर्जापोटी लागणाऱ्या एकूण व्याज-शुल्काच्या ५५ टक्के होते आणि त्याला ते नीट सांगितलेच नव्हते. तो व्यवहार अन्यायकारक ठरून त्याला कमिशनची रक्कम व्याजासह मिळाली. निकाल कर्जाविषयीचा आहे, तेलाचा त्याच्याशी संबंध नाही. पण डीलरला आपण जवळपास फॅमिली डॉक्टरच्या जागी बसवतो, तो तिथे बसलेला नसतो.

आता तेलाचा एवढा बाऊ कशासाठी, असे कुणी विचारील. आपली मंडळी गाडी चालवतात ती शाळा, स्टेशन, किराणा आणि फार तर रविवारी देऊळ. अशा दोन-तीन मैलांच्या फेऱ्यांत, त्यातून इथल्या हिवाळ्यात, इंजिन पुरते तापतच नाही. न जळलेले पेट्रोल आणि पाण्याचा अंश तेलात साठत जातो. टर्बोचार्जर आणि टायमिंग चेन या दोन्हींचे आयुष्य या तेलावर अवलंबून असते आणि दोन्हींची दुरुस्ती हजारांत जाते. कंपन्या ‘लाँगलाइफ’ म्हणून दोन वर्षांपर्यंत तेल चालेल असे सांगतात, ते मुख्यतः मोटरवेवर धावणाऱ्या गाडीसाठी. माझे मत विचाराल तर छोट्या फेऱ्यांच्या गाडीचे तेल वर्षातून एकदा बदलावे, पडदा काहीही म्हणो.

आणि ‘एमओटी पास झाली’ म्हणून निश्चिंत राहू नये. एमओटीत ब्रेक, दिवे, टायर, धूर वगैरे पाहतात. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था त्या तपासणीत येतच नाही.

तेल कुठले घातले हेही महत्त्वाचे. दोन डब्यांवर ‘५डब्ल्यू-३०’ असे सारखेच लिहिलेले असते, पण त्यावरून फक्त पातळ-घट्टपणा कळतो. खरा आकडा कंपनीच्या मान्यतेचा. फोक्सवॅगन गटाचा ५०४/५०७, मर्सिडीजचा २२९.५ किंवा २२९.५१, बीएमडब्ल्यूचा लाँगलाइफ-०४ असे ते असतात. तुमच्या गाडीला कुठला लागतो ते हँडबुकमध्ये छापलेले आहे. डिझेल गाडीला धुराचा फिल्टर असेल तर कमी राख करणारे तेलच हवे, नाहीतर त्या राखेने फिल्टर हळूहळू भरतो. बिलावर नुसते ‘ऑइल’ न लिहिता मान्यतेचा क्रमांक आणि लिटर लिहून मागावेत. हँडबुकात साडेपाच लिटर असताना बिलात साडेचार असतील, तर विचारायला नको? जुना फिल्टर पिशवीत घालून डिकीत ठेवा, असे गाडी देतानाच सांगावे. या एका वाक्याने फार फरक पडतो, असा माझा अनुभव आहे.

डीलर सोडला तर वॉरंटी जाते, ही समजूत आपल्यात घट्ट रुजली आहे. डॉलिस हिलला आरतीनंतरच्या प्रसादाच्या रांगेतही मी ती ऐकली आहे. उत्पादकाच्या वॉरंटीसाठी सर्व्हिस डीलरकडेच झाली पाहिजे अशी अट घालता येऊ नये, हे तत्त्व युरोपीय नियमांमुळे २००२ पासून इथे रूढ झाले. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनने १ जून २०२३ पासून स्वतःचा आदेश लागू केला, त्यातही ते कायम आहे. मात्र सर्व्हिस कंपनीच्या वेळापत्रकानुसार, योग्य दर्जाचे तेल व भाग वापरून झालेली हवी आणि त्याची कागदपत्रे जपलेली हवीत. गाडी पीसीपीवर किंवा लीजवर असेल, वा जादा वॉरंटी विकत घेतली असेल, तर करारातली अट वेगळी असू शकते. ती आधी वाचावी.

डीलरची बाजूही सांगितली पाहिजे. रिकॉल, सॉफ्टवेअरचे अपडेट, वॉरंटीतली दुरुस्ती यांसाठी मी आजही तिथेच जातो. वॉरंटी संपल्यावर मोठा बिघाड झाला तर डीलरकडची सलग नोंद पाहून कंपनी कधीकधी खर्चाचा वाटा उचलते. गाडी विकतानाही ती नोंद उपयोगी पडते. या फायद्यांसाठी पैसे मोजायचे तर जरूर मोजावेत, पण तपासणी सोडून देऊ नये.

आणि काम झाले नसेल तर भिडेपोटी गप्प बसू नये. आपण ‘जाऊ दे’ म्हणण्यात पटाईत आहोत. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सेवा वाजवी काळजीने व कौशल्याने दिली गेली पाहिजे. नसेल तर काम पुन्हा करून घेता येते, आणि तेही न जमल्यास पैसे कमी करून मागता येतात. तक्रार लेखी करावी. गॅरेज मोटर ओम्बुड्समनचे सभासद असेल तर प्रकरण तिकडे नेता येते. शंभर पौंडांवरचे बिल क्रेडिट कार्डाने भरले असेल तर १९७४ च्या कायद्याच्या ७५ व्या कलमाने कार्ड कंपनीही जबाबदार असते, म्हणून मी सर्व्हिसचे पैसे डेबिट कार्डाने कधीच देत नाही.

गेल्या वर्षी तेल बदलायला शेवटी रेल्वेपुलाखालच्या गॅरेजमध्येच गेलो. मालकाने गाडी वर उचलली, मला खाली बोलावून निथळणारे तेल दाखवले, जुना फिल्टर हातात ठेवला आणि बिलावर मान्यतेचा क्रमांक न मागता लिहिला. १९० पौंड झाले. येत्या ऑक्टोबरात पुन्हा तारीख आहे, आणि डीलरकडेही ब्रेकचा एक रिकॉल बाकी आहे. तिकडे जाताना डिपस्टिकचा फोटो काढून ठेवणार आहे, निघण्याआधी एक आणि परत आल्यावर एक.