गणरायाची थांबलेली लेखणी

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घरोघरी पार्थिव गणेशाची प्राणप्रतिष्ठा होते, दूर्वा वाहिल्या जातात, एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखविला जातो, आणि सायंकाळी मंडपात कीर्तनकार उभा राहिला की त्याच्या मुखातून एक कथा हटकून निघते. भगवान व्यासांना महाभारत सांगावयाचे होते आणि ते लिहून घेणारा लेखक हवा होता. गणरायांनी अट घातली की, लेखणी क्षणभरही थांबता कामा नये. व्यासांनी ती मान्य केली आणि उलट अट घातली की, अर्थ समजल्यावाचून एकही श्लोक लिहावयाचा नाही. मग व्यास मधूनमधून असा एखादा गूढ श्लोक रचीत की, प्रत्यक्ष सर्वज्ञ गणरायालाही विचारासाठी थांबावे लागे. आणि तेवढ्या अवधीत व्यासांचे पुढचे कितीतरी श्लोक तयार होत. अशा कूटश्लोकांची संख्या परंपरेने ८,८०० सांगितली आहे.

ही कथा आम्ही कीर्तनकार रंगवून सांगतो. परंतु तिच्या पोटात दडलेल्या एका गोष्टीकडे माझे स्वतःचे लक्ष फार उशिरा गेले. बुद्धीची देवता अडली, आणि अडल्याची तिला लाज वाटली नाही. लेखणी खाली ठेवून ती विचार करीत बसली. हे मला कोणत्याही ग्रंथाने शिकविले नाही. घोटीच्या एका तरुणाने शिकविले, आणि त्या शिकवणीची किंमत त्याने भरली.

घोटी ही इगतपुरी तालुक्यातील तांदळाची पेठ. भाद्रपदात तेथला पाऊस मंडपावरच्या ताडपत्रीवर असा ताशा वाजवितो की, तबलजीने हात आखडता घ्यावा. येथला श्रोता भाविक खरा, पण चोखंदळ. टाकेदचे सर्वतीर्थ त्याच्या शेजारचे. त्यामुळे जटायूची कथा त्याने नुसती ऐकलेली नसते, तिचे स्थान डोळ्यांनी पाहिलेले असते. १९९४ सालच्या गणेशोत्सवात मी त्र्यंबकेश्वराहून तेथे कीर्तनास गेलो होतो. उत्तररंगात हेच आख्यान लावले. आरती झाली, बुक्का लावून झाला, आणि एक विशीतला तरुण पुढे येऊन नमस्कार करून म्हणाला, "बुवा, एक शंका आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने छापलेल्या महाभारतात ही कथा मूळ ग्रंथात घेतलेली नाही, असं आमचे सर म्हणाले. मग ती आली कुठून?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. ठाऊक नाही असे म्हणावयाचे सोडून मी भरल्या मंडपात म्हणालो, "ज्यांना देवच मान्य नाही त्यांची पुस्तकं वाचून कीर्तनाला येऊ नये, बाळ." मोठा हशा पिकला. मुलगा मान खाली घालून प्रसाद घेऊन गेला. त्यानंतर घोटीत माझी अनेक कीर्तने झाली. तो पुन्हा समोर बसलेला दिसला नाही. हशा माझ्या पदरात पडला आणि श्रोता गेला.

त्या हिवाळ्यात मनाला टोचणी लागून मी पुण्यास गेलो आणि आदिपर्वाचा तो खंड उघडून बसलो. मुलगा खरे बोलत होता. तेव्हापासून आजपर्यंत कठीण वचनांविषयी जे थोडे समजले ते आजच्या मंगलदिनी वाचकांपुढे ठेवतो. माझ्या अनुभवाने शास्त्रग्रंथांतील गाठी तीन प्रकारच्या असतात: अर्थाची गाठ, पाठाची गाठ आणि मनाची गाठ.

पहिली अर्थाची. विराटपर्वाच्या प्रचलित पोथ्यांत गोग्रहणाच्या प्रसंगी द्रोणाचार्य एका श्लोकातून भीष्मांना सुचवितात की, समोर येणारा हा अर्जुन आहे. वरवर ऐकणाऱ्याला त्यात नदीचे जल, केशव, नारी असे शब्द भासतात आणि काहीच बोध होत नाही. 'नदीज' म्हणजे गंगापुत्र भीष्म, येथे शब्द तोडला की पुढे 'लंकेश' उभा राहतो. त्या लंकेशाच्या वनाचा अरी तो मारुती, आणि मारुती ज्याच्या ध्वजावर तो अर्जुन. गाठ सुटली! अशा ठिकाणी व्याकरण आणि धीर, एवढीच सामग्री पुरते.

कधीकधी मात्र थोरांचेही एकमत होत नाही. गीतेच्या दहाव्या अध्यायात सात महर्षी, 'पूर्वीचे चार' आणि मनू यांचा उल्लेख येतो. मनू तर चौदा. मग हे चार कोण? आद्य शंकराचार्यांनी ते सावर्ण नावाचे चार मनू मानले. कित्येक टीकाकारांनी सनकादिक चार कुमार घेतले. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात वासुदेव, संकर्षण, प्रद्युम्न आणि अनिरुद्ध हा चतुर्व्यूह पाहिला. एका वचनाचे तीन अर्थ झाले, म्हणून गीतेच्या पूज्यत्वाला बाध आला काय? विद्वान भांडले ते अर्थासाठी. तीवरची श्रद्धा तिघांचीही अढळ होती.

दुसरी गाठ पाठाची, आणि घोटीच्या त्या तरुणाची शंका हीच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली स्थापन झाले. १९१९ पासून तेथे महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम चालू झाले. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांनी प्रमुख संपादक म्हणून त्याची धुरा वाहिली आणि १९६६ साली ते पूर्णत्वास गेले. शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम् अशा निरनिराळ्या लिप्यांतील १,२५९ हस्तलिखिते या कामी लागली. श्लोकाश्लोकाची पोथ्यापोथ्यांशी ताडणी झाली. गणेशलेखनाच्या कथेला सर्व प्रांतांतील पोथ्यांची साक्ष मिळेना. काश्मीरच्या शारदा परंपरेत ती नाही. म्हणून संपादकांनी तिला मूळ संहितेत स्थान दिले नाही. गणरायांनी आपला दात मोडून लेखणी केली हा भाग तर, जेथे ही कथा आहे त्या पोथ्यांच्या वचनांतही नाही. तो पुढे लोकांच्या प्रेमाने जोडलेला अलंकार आहे.

हे वाचून प्रथम माझ्या काळजात चर्र झाले. परंतु त्याच ग्रंथाने माझे समाधानही केले. ती कथा संपादकांनी फेकून दिलेली नाही! परिशिष्टात ती पाठभेदांसह छापली आहे. जे मुळात घेतले नाही तेही तळटीपांत आणि परिशिष्टांत जतन करून ठेविले आहे. मी ज्यांना भर मंडपात नास्तिक ठरविले, त्यांनी महाभारताचे प्रत्येक अक्षर माझ्यापेक्षा अधिक आदराने हाताळले होते.

आणि हे कार्य आपल्या परंपरेला नवे तरी कोठे आहे? पैठणच्या नाथांनी शके १५०६ मध्ये अशुद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून ती शुद्ध केली, आणि तीत पदरची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या पानात करवंटी मांडणे होय, अशा अर्थाची ताकीद देऊन ठेविली. गोदातीरीच्या कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर सतराव्या शतकात काशीस जाऊन महाभारताची टीका लिहावयास बसले, तेव्हा त्यांनीही देशोदेशींच्या पोथ्या जमवून उत्तम पाठ ठरविल्याचे आरंभीच सांगितले आहे. पाठ तपासणे हा भक्तीचाच एक प्रकार आहे, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते.

इतर धर्मग्रंथांच्या अभ्यासकांनाही ही वाट चुकलेली नाही. पापिणीवर दगड उगारणाऱ्या जमावाला, ज्याने पाप केले नसेल त्याने पहिला दगड मारावा, असे येशू ख्रिस्ताने सांगितल्याची कथा आपल्याकडेही सर्वांना परिचित आहे. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानात ती येते. परंतु चौथ्या शतकातील सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींत ती नाही. आधुनिक आवृत्त्या ती कंसात किंवा टीप देऊन छापतात, आणि धर्मोपदेशक ती आजही सांगतात. आमच्या गणेशकथेची ही जणू जुळी बहीणच! त्याच क्षेत्रातील बेंगेल नावाच्या जर्मन पंडिताने १७३४ साली एक सूत्र मांडले की, दोन पाठांपैकी जो अवघड तो बहुधा मूळचा. कारण नकलकार अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करीत नाही. ही कसोटी सुकथनकरांनीही मानली. मला तर हे सूत्र कीर्तनाचे निरूपण वाटते. जे वचन आपल्याला खटकते, तेच कदाचित सर्वांत अस्सल असेल. ते गुळगुळीत करण्याची घाई करू नये.

महाराष्ट्राने याचे एक विलक्षण उदाहरण पाहिले आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांची कन्या रमाबाई पुराणे मुखोद्गत करून भारतभर सांगत हिंडली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८३ साली तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, याविषयी आपल्यापैकी अनेकांच्या मनात आजही खेद असेल. परंतु त्या नव्या धर्मग्रंथाची वचने दुसऱ्याच्या शब्दांवर विसंबून न घेता ती केडगावी हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणण्यात तिने आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. १९२२ साली तिचे निधन झाले, १९२४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. समजल्यावाचून लिहावयाचे नाही, ही गणरायांना घातलेली अट त्या शास्त्रीकन्येने परक्या ग्रंथापाशीही पाळली, असे म्हटल्यावाचून मला राहवत नाही.

तिसरी गाठ मनाची. ही व्याकरणाने सुटत नाही आणि पोथ्या ताडूनही सुटत नाही. शिवलीलामृतात श्रियाळ राजा आणि चांगुणा यांच्या दारी प्रत्यक्ष शंकर अतिथी होऊन येतात आणि त्यांच्या चिलया बाळाचे मांस मागतात. बायबलच्या उत्पत्ति ग्रंथातही अब्राहामाला पुत्र इसहाक याचा बळी देण्याची आज्ञा होते. तेथे उगारलेला हात अडविला जातो. येथे बाळ जाते आणि आईने हाक मारताच परत येते. देव असे मागतो काय, हा प्रश्न दोन्हींकडच्या भाविकांना पिढ्यान्‌पिढ्या छळीत आला आहे. भक्ताची कसोटी, असे उत्तर आपण देतो. ते खोटे नाही. पण ते कोणापुढे देतो हे पाहावे लागते.

काही वर्षांपूर्वी श्रावणात घोटीतच हे आख्यान झाल्यावर एक मध्यमवयीन बाई खांबाशी थांबली होती. मंडप रिकामा झाल्यावर म्हणाली, "बुवा, चांगुणेचं लेकरू परत आलं. माझं का नाही आलं?" प्रारब्ध, संचित, कर्मफल, सारी शास्त्रोक्त उत्तरे माझ्या जिभेवर होती. त्या क्षणी मला १९९४ चा तो मुलगा आठवला आणि जीभ आवरली. मी म्हणालो, "माउली, याचं उत्तर माझ्याजवळ नाही." मग आम्ही दोघेही तेथेच बसलो. ती आपल्या मुलाविषयी बोलत राहिली, मी ऐकत राहिलो. पुढच्या सोमवारी ती पुन्हा आली, आणि त्यानंतरही येत राहिली. उत्तर मिळाल्याने नव्हे, हे उघड आहे.

यावर काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "बुवा, अशा शंकांना वाट दिली तर घरातली श्रद्धा राहील काय? गीतेनेच संशयात्म्याचा नाश सांगितला आहे." खरे आहे, चौथ्या अध्यायाच्या चाळिसाव्या श्लोकात तो सांगितला आहे. पण त्याच अध्यायात अवघे सहा श्लोक अलीकडे, ज्ञान मिळविण्याचे उपाय सांगताना भगवंतांनी प्रणिपात आणि सेवा यांच्या मधोमध परिप्रश्न ठेविला आहे. संशयात्मा उत्तरासाठी थांबत नाही. परिप्रश्न करणारा नमस्कार करून थांबतो. तो तरुण नमस्कार करून थांबला होता. त्या रात्री उत्तरासाठी न थांबणारा मी होतो.

मग ती कथा मी सोडून दिली काय? नाही. आजही सांगतो आणि शेवटी हेही सांगतो की, ही कथा मूळ संहितेतील नाही, ती पुढच्या पिढ्यांच्या भक्तीने घडविली. ऐकणाऱ्यांचा रस तसूभरही कमी झालेला मी पाहिलेला नाही. घोटीला गेलो की कीर्तनानंतरचा अर्धा तास आता शंकांसाठी राखलेला असतो. उत्तर न आल्यास तसे सांगतो, वहीत टिपून घेतो आणि पुढच्या फेरीत शोधून नेतो. घरोघरीच्या वडीलधाऱ्यांनाही माझी एवढीच विनंती आहे. आज आरतीनंतर नातवंडाने काही विचारले, तर त्याला गप्प करू नका. ठाऊक नसेल तर "आपण दोघे मिळून पाहू" असे म्हणा. पोथी त्याच्या हाती द्या.

तो तरुण आता पन्नाशीला आला असेल. हा अंक त्याच्या हाती पडलाच, तर या म्हाताऱ्या बुवाचा नमस्कार त्याने स्वीकारावा. त्याच्या शंकेपाशी माझी लेखणी थांबली, म्हणून तर चार अक्षरे समजून लिहिता आली. ज्या गजाननाला अवघड वचनापाशी थांबण्यात कमीपणा वाटला नाही, त्याने आपणां सर्वांना तशीच थांबण्याची बुद्धी द्यावी, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.