भिंत पाहावी, बाजारही पाहावा

२०२० साली खंडित झालेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि विद्यार्थ्यांच्या चीन-सहलींचे बेतही नव्याने आखले जाऊ लागले. आमच्या पिंपरी-चिंचवड परिसरातील आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांच्या अशाच एका नियोजित सहलीचा कार्यक्रम नुकताच आमच्या पाहण्यात आला. बीजिंगमध्ये सहा दिवस मुक्काम. चीनची भिंत, राजवाडा, तिआनमेन चौक आणि तब्बल दोन दिवस खरेदी. वैद्यकाशी संबंध सांगणारे ठिकाण एकच, १६६९ साली स्थापन झालेले तोंगरेनतांग औषधालय. तेही खरेदीच्या सदरात!

सहलीस आमचा मुळीच विरोध नाही. चाकणला सॅनी या चिनी कंपनीचा कारखाना आहे. तेव्हा येथील मुलांनी चीन पाहावा हे उचितच. खरेदीचे ते दोन दिवस मात्र शिजियाझुआंग या शहरास द्यावेत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. बीजिंगपासून ते सुमारे २८० किलोमीटर. जलद रेल्वेने दीड तासाचा प्रवास.

तेथील हुतात्मा स्मशानभूमीत सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून गेलेला हा तरुण ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच निवर्तला. महाराष्ट्रातून गेलेल्या वैद्यक-विद्यार्थ्यांनी तेथे न जाता परतावे, हे आम्हांस शोभणारे नाही.

त्याच शहरात चीनचा प्रतिजैविकांचा मोठा कारखाना १९५३ साली उभारावयास घेतला गेला आणि १९५८ साली तेथे उत्पादन सुरू झाले. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, ज्यास पिंपरीकर आजही ‘एच. ए.’ म्हणतात, स्थापन झाला १९५४ साली, आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलीन तयारही होऊ लागले. म्हणजे उत्पादनात आम्ही पुढे होतो! पुढे चीनमधून स्वस्तात येणाऱ्या पेनिसिलीन-जी पुढे भारतातील उत्पादन टिकले नाही आणि या मूलद्रव्यासाठी आपण दीर्घकाळ त्यांच्यावर अवलंबून राहिलो. एच. ए.च्या फाटकावरून रोज महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्यास हा इतिहास क्वचितच ठाऊक असतो.

परंतु आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे स्थळ तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. आनग्वो हे वनौषधींच्या बाजारपेठेचे जुने गाव. तेथे औषधराजाचे मंदिर आहे आणि देशभरातून येणाऱ्या कच्च्या द्रव्यांचा व्यापार चालतो. वनस्पती कोणत्या प्रदेशात उगवली, यास चिनी वैद्यकात मोठे मोल आहे. त्यास ते ‘दाओदी’ म्हणतात. आपल्या संहितांतील देशविचार याहून फार निराळा नाही. आपला व्यापारी नागोरी अश्वगंध वेगळा सांगतो खरा, पण इतर किती द्रव्यांचे मूळ स्थान आपण बिलावर लिहून घेतो?

चिनी व्यवस्था निर्दोष आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात स्टेफानियाऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया वर्गातील मूळ दिले गेले. चिनी भाषेत दोहोंच्या नावात ‘फांगजी’ हा एकच शब्द. शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि त्यांतील अनेकांना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. केवळ नामसाम्याचा हा परिणाम! आपल्याकडे रास्ना व शंखपुष्पी या नावांखाली प्रांतोप्रांती किती भिन्न वनस्पती विकल्या जातात, अशोकाच्या सालीच्या जागी खोट्या अशोकाची साल किती सहज खपते, हे औषधी विक्रेत्या बंधूंस आम्ही सांगणे न लगे. दुकानात आलेले पोते उघडून, चव घेऊन, मोडून पाहणारा माणूस आता कितीशा औषधालयांत उरला आहे? २००० साली शेड्यूल ‘टी’ आले, कारखान्यांच्या भिंती पांढऱ्या झाल्या. पोत्यातील द्रव्याची ओळख मात्र अद्याप बव्हंशी व्यापाऱ्याच्या शब्दावरच अवलंबून आहे. ज्या विद्यार्थ्याच्या हाती उद्या हा व्यवसाय जावयाचा, त्याने एखादी मोठी बाजारपेठ, तिच्या गुणदोषांसह, डोळ्यांनी पाहिलेली असावी.

मात्र निघण्यापूर्वी या विद्यार्थ्यांना एक दिवस पुण्याच्या रविवार पेठेतील काष्ठौषधींच्या दुकानांतून हिंडवून आणावे. तेथे ज्यास नागकेशराचे दोन प्रकार ओळखता आले नाहीत, तो आनग्वोत जाऊन छायाचित्रेच काढील.

व्यवहाराच्याही दोन गोष्टी सांगून ठेवतो. कारखाना आतून पाहावयाचा तर परवानगीचे पत्र काही महिने आधी जावयास हवे, आणि दुभाषा औषधीद्रव्यांची नावे जाणणारा असावा. पर्यटन कंपनीचा मार्गदर्शक या कामी चालणार नाही. तसेच बियाणे अथवा ओली मुळे बरोबर आणू नयेत. वनस्पती-संगरोधाच्या नियमांमुळे ती विमानतळावरच अडविली जातील. द्रव्यगुण विभागाने प्रत्येकी वीस द्रव्यांची यादी देऊन पाठवावे आणि परतल्यावर त्या वीस द्रव्यांचा भाव, प्रत व उगमस्थान लिहून घ्यावे. अशी नोंद कोणी आणून दिली, तर ती या त्रैमासिकात छापण्याची विनंती आम्ही संपादकांस आनंदाने करू.