जिगर आणि ग्लुकोजचा पुडा

शाळेच्या क्रीडा स्पर्धा आल्या, की मैदानाच्या कडेला ग्लुकोज पावडरीचे पुडे दिसू लागतात. धावण्याआधी दोन चमचे पावडर तोंडात टाकली, की अंगात बळ येते, असे तुम्हांला वाटते. मला मात्र शंभर मीटर धावणाऱ्याच्या हातातला तो पुडा अगदी अनावश्यक वाटतो. ग्लुकोजचे कोठार तुमच्या शरीरातच आहे.

हे कोठार म्हणजे यकृत. उर्दूत तुम्ही त्याला जिगर म्हणता. मराठीत 'जिगर' म्हणजे हिंमत. 'जिगरबाज खेळाडू' असे आम्ही सहज म्हणतो. गंमत अशी, की खेळाडूच्या बाबतीत तुमचा अर्थही तितकाच खरा आहे.

मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असते जेमतेम 5 ग्रॅम. धावताना स्नायू ते भराभर ओढून घेतात. तरीही रक्तातील प्रमाण सहसा घटत नाही. असे का? व्यायाम सुरू झाला, की स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी येते आणि ग्लुकॅगॉन नावाचे संप्रेरक वाढते. मग यकृत आपल्या साठ्यातील ग्लायकोजेनचे ग्लुकोज करून रक्तात सोडते. हा साठा फ्रान्सच्या क्लोद बेर्नार यांनी 1857 साली शोधून काढला. ग्लायकोजेन स्नायूंतही पुष्कळ असते. पण स्नायू स्वतःपुरतेच पाहतात, रक्ताला काही देत नाहीत. यकृत मात्र मेंदूलाही पुरवते.

यकृतातील साठा सुमारे 100 ग्रॅमचा. तुम्ही झोपलात, तरी मेंदू त्यातून घेतच असतो. म्हणून रात्री न जेवता, सकाळी नुसत्या चहावर लांब शर्यतीला येणाऱ्या मुलांचे मला नवल वाटते. कोठार रिकामे ठेवायचे आणि पुड्याला पैसे मोजायचे, हा कुठला हिशेब? ते भरते भाकरीने, चपातीने, भाताने. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी साखर जवळ ठेवलीच पाहिजे.

साखर खाणे नेहमीच व्यर्थ, असेही नाही. अमेरिकेत बॉस्टन येथे सुमारे 42 किलोमीटरची मॅरेथॉन शर्यत होते. 1924 साली डॉक्टरांनी तेथील काही धावपटूंचे रक्त शर्यतीनंतर तपासले. काहींची साखर फारच उतरली होती आणि ते पांढरेफटक पडले होते. 1925 साली धावपटूंना आधी भरपूर पिष्टमय जेवण व धावताना गोड गोळ्या दिल्या. त्यांची साखर टिकली आणि ते शेवटपर्यंत चांगले धावले. पण ही शर्यत काही तासांची होती. तुमची शंभर मीटरची शर्यत पाव मिनिटात संपते.