आधी उजेड पाहा, मग कॅमेरा

दसरा-दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की मराठी घरांत दोन विषय हमखास निघतात: म्हैसूर-उटीची सहल आणि नवा कॅमेरा. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही नवशिके, हौशी की प्रोफेशनल?’ उत्तर मिळेल त्याप्रमाणे पन्नास हजारांचा, दीड लाखाचा किंवा त्याहून कितीतरी महाग कॅमेरा काउंटरवर येतो. ही उतरंड गिऱ्हाइकाला चुकीच्या ठिकाणी पैसे घालायला लावते, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण कोणत्या पायरीवर आहोत यापेक्षा आपण कोणत्या उजेडात, किती लांबच्या आणि किती हलणाऱ्या गोष्टी टिपणार आहोत, यावर कॅमेरा ठरायला हवा. हे पारखून पाहायला म्हैसूरइतके सोयीचे गाव दुसरे क्वचितच सापडेल. राजवाडा, रंगनथिट्टूचे पक्षी अभयारण्य आणि दसऱ्याची मिरवणूक या तिन्ही ठिकाणी कॅमेऱ्याची वेगवेगळी परीक्षा होते, आणि तिन्हींमधले अंतर वीस किलोमीटरांच्या आतले आहे.

आधी त्या उतरंडीची दोन टोके पाहू. कॅननचा ‘ईओएस आर१००’ २०२३ मध्ये आला. तो अगदी नवशिक्यांसाठी, वजन जेमतेम साडेतीनशे ग्रॅम. त्याच कंपनीचा ‘ईओएस आर१’ २०२४ मध्ये आला. तो क्रीडा आणि वृत्त छायाचित्रकारांसाठी, वजन एक किलोहून जास्त आणि किंमत दहा पटींच्या घरात. मेगापिक्सेल मात्र दोघांचेही २४. म्हणजे सुमारे ६००० बाय ४००० बिंदूंचे चित्र, ज्याची वीस इंच बाय तेरा इंच छपाई सुरेख होते. मग दहापट पैसा जातो कुठे? आर१०० सेकंदाला साडेसहा फोटो घेतो, आर१ चाळीसपर्यंत. आर१ला मेमरी कार्डाच्या दोन खाचा आहेत, आर१००ला एक. शिवाय मोठा सेन्सर, धूळ-पावसापासूनचे संरक्षण आणि धावत्या माणसाला धरून ठेवणारा फोकस. या सगळ्याची गरज असेल त्याला ही किंमत रास्त आहे. पण यातल्या कोणत्याही गोष्टीने स्थिर उभ्या राजवाड्याचा फोटो फारसा सुधारत नाही.

आता राजवाड्याकडेच वळू. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास अंबाविलास राजवाड्यावरचे जवळपास एक लाख दिवे एकदम लागतात आणि समोरच्या गर्दीतून हजारो मोबाइल वर होतात. यात वाईट काहीच नाही. राजवाडा हलत नाही, म्हणून मोबाइलला रात्रीच्या मोडमध्ये एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन ती एकत्र जुळवायला वेळ मिळतो आणि फोटो स्वच्छ येतो. खरी अडचण दिव्यांच्या प्रखरतेची असते. कॅमेरा काळ्या आकाशाला उजळायला जातो आणि कमानींवरच्या दिव्यांच्या ओळी वितळून पांढरा पट्टा होतात. पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढला की एकेक दिवा सुटा दिसतो. जून-जुलैत म्हैसूरला सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो, त्यामुळे सातला आकाशात निळाई शिल्लक असते. डिसेंबरात तो सहालाच जातो आणि सातला मागे नुसता काळोख उरतो. फोटोत हा फरक जितका दिसतो तितका दोन कॅमेऱ्यांमधला दिसत नाही.

म्हैसूरच्याच देवराज मार्केटमध्ये मात्र मोबाइल आणि नवशिक्यांचा कॅमेरा दोन्ही अडखळू लागतात. फुलांच्या ढिगामागे बसलेला विक्रेता, कुंकवाचे टोकदार डोंगर, वर ताडपत्रीची सावली, आणि हात सतत हलते. इथे पैसा कुठे घालावा हे साध्या गणिताने दाखवता येते. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी नेहमीची १८-५५ लेन्स ५० मिलिमीटरच्या आसपास नेली की तिचे छिद्र एफ ५.६ पेक्षा मोठे उघडत नाही. त्याच कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावली तर जवळपास दहापट उजेड आत येतो. ज्या फोटोला आयएसओ ६४०० लागत होता, तो साधारण ६५० वर निघतो आणि दाणेदारपणा जवळजवळ नाहीसा होतो. उलट लेन्सचे छिद्र तेवढेच ठेवून लहान सेन्सरचा कॅमेरा विकून मोठ्या सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेम, घेतला, तर सेन्सरचे क्षेत्रफळ ३६७ वरून ८६४ चौरस मिलिमीटर होते. वाढ दुपटीहून थोडी जास्त. एफ १.८ची ही साधी लेन्स बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक असते आणि कॅमेरा बदलण्याच्या खर्चाच्या एका अंशात येते. तरीही दुकानात बोलणे कॅमेऱ्याचेच होते, याची मला खरोखर खंत वाटते. सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्स पाच-सात वर्षांत मागे पडतात. चांगली लेन्स नीट सांभाळली तर वीस वर्षे चालते. फक्त आपल्याकडच्या पावसाळ्यात तिला बुरशीपासून जपावे लागते, त्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात.

रंगनथिट्टूला गणित पुन्हा बदलते. सालिम अली यांच्या आग्रहावरून १९४० मध्ये संरक्षित झालेली कावेरीतली ही बेटे. सकाळच्या नावेत उजेडाची ददात नसते, पण चित्रबलाक झाडाच्या शेंड्यावर आणि नाव पाण्यावर डुलणारी. इथे हवी लांब लेन्स आणि सेकंदाचा दीड-दोन हजारावा भाग. गंमत अशी की इथे ‘हौशी’ म्हणून विकला जाणारा लहान सेन्सरचा कॅमेरा फायद्याचा ठरतो. त्याच्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० सारखी जवळ आणते आणि चोवीसच्या चोवीस मेगापिक्सेल पक्ष्याच्या कामी येतात. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेममधून तेवढाच भाग कापून घेतला तर हाती साडेदहा उरतात. एवढे पैसे मोजून पक्षी लहानच दिसला तर दोष गिऱ्हाइकाचा नाही, चुकीच्या सल्ल्याचा आहे.

यावर व्यावसायिक छायाचित्रकार म्हणतील की आम्ही काय उगाच लाखो रुपये घालतो? अजिबात नाही. विजयादशमीला साडेसातशे किलोंची सोन्याची अंबारी घेऊन हत्ती राजवाड्यातून बन्नीमंटपाकडे निघतो आणि रात्री तिथल्या मैदानावर मशालींची कवायत होते. उजेड कमी, सगळे हलते आणि तो क्षण पुन्हा एक वर्षाने येणार. एखादे कार्ड बिघडले तर ‘अंबारी परत आणा’ असे कुणाला सांगता येत नाही, तसेच लग्नातली सप्तपदीही पुन्हा घालता येत नाही. दोन कार्डांवर एकाच वेळी उतरणारा फोटो म्हणजे त्या कामाचा विमाच, आणि उपजीविका कॅमेऱ्यावर असलेल्याने तो काढलाच पाहिजे. घरच्या सहलीला त्याचा हप्ता भरण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो: एकदाच भारी कॅमेरा घेऊ, मुलगा त्यावर शिकेल. यावर कर्नाटकातल्याच एका मराठी घराण्याचे उदाहरण बोलके आहे. बळ्ळारी जिल्ह्यातल्या सोंडूर संस्थानचे मुरारराव यशवंतराव घोरपडे कर्नाटकचे अर्थमंत्री होते, आणि देशातले अव्वल वन्यजीव छायाचित्रकारही. त्यांचे ‘सनलाइट अँड शॅडोज’ हे पुस्तक १९८३ मध्ये निघाले. लेन्स आपोआप फोकस करणारा पहिला यशस्वी एसएलआर, मिनोल्टाचा ७०००, बाजारात आला १९८५ मध्ये. म्हणजे त्या पुस्तकातले काम आजच्या आर१०० मधल्या साध्या सोयीही हाताशी नसताना झाले. संस्थानिकाला सवड आणि साधने होती, हे मान्य. पण ती सवड जंगलात थांबण्यासाठी आणि प्राण्याची चाल ओळखण्यासाठी खर्च झाली, आणि ते शिक्षण कोणत्याही किमतीच्या कॅमेऱ्यात भरून मिळत नाही. मुलाला द्यायचेच असेल तर सेकंडहँड डीएसएलआर द्या. कॅनन आणि निकॉनने आपले नवे काम मिररलेसकडे वळवल्यापासून तो बराच स्वस्तात मिळू लागला आहे. वाचलेल्या पैशांत एफ १.८ लेन्स आणि रंगनथिट्टूच्या दोन खेपा होतील.

म्हणून या दिवाळीत दुकानात जाण्याआधी घरी एक तासभर काढा. मागच्या तीन-चार सहलींचे फोटो संगणकावर उघडा आणि प्रत्येकाची माहिती पाहा. फोकल लांबी, आयएसओ आणि शटरचा वेग तिथे लिहिलेलाच असतो. बिघडलेले फोटो अंधारातले आहेत, लांबचे आहेत की हललेले, याच्या तीन खुणा कागदावर करत जा. तो कागद दुकानदारापुढे ठेवा आणि जिच्यापुढे सर्वाधिक खुणा असतील त्याच अडचणीवरचे उत्तर मागा.