न उघडलेल्या खोक्याचे मोल

खेळणे हे खेळण्यासाठी असते, हे सांगण्याची एके काळी गरज नव्हती. आता मात्र सुशिक्षित, कमावता आणि वयाने प्रौढ असा एक वर्ग जगभर तयार झाला आहे, जो खेळणी विकत घेतो. परंतु त्यांची खोकी उघडत नाही. खोक्याची कड किंचित दुमडली तरी त्याचा जीव कासावीस होतो. आपल्या देशातील महानगरांतही हा छंद रुजला आहे. त्यावर होणारा खर्च पाहता, ग्राहकांसाठी निघणाऱ्या या मासिकात त्याची दखल घेणे अप्रस्तुत ठरू नये.

उदाहरणादाखल एकच बाहुली घेऊ. अमेरिकेतील फंको या कंपनीच्या ‘पॉप’ मालिकेतील डॉ. फ्रँक-एन-फर्टर. उंची सुमारे पावणेचार इंच, अंग व्हिनाइलचे, डोके धडाच्या मानाने अवाढव्य आणि डोळे काळ्या मण्यांसारखे वाटोळे. ज्याने मूळ चित्रपट पाहिलेला नाही, त्याला ही बाहुली कोणाची आणि कशासाठी, हे उमगणे कठीण. ज्याने पाहिला आहे, त्याला ती फडताळावर दिसली तरी हसू फुटते.

तो चित्रपट म्हणजे ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’. रिचर्ड ओब्रायन यांचे संगीत नाटक १९७३ साली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या माडीवरील छोट्या रंगमंचावर आले आणि १९७५ साली दिग्दर्शक जिम शार्मन यांनी त्याचा चित्रपट केला. नुकतेच लग्न ठरलेले एक साधे जोडपे पावसात मोटारीचे चाक पंक्चर झाल्याने दूरध्वनीच्या शोधात एका गढीत शिरते आणि स्त्रीवेशात वावरणाऱ्या एका विक्षिप्त शास्त्रज्ञाच्या तावडीत सापडते. हा शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत देखणा पुरुष घडवीत असतो आणि अखेर तो परग्रहावरचा निघतो. भयपट, विज्ञानपट आणि गाणी यांचा असा काला त्या वेळच्या समीक्षकांना रुचला नाही. लॉस एंजेलिसमधील एका चित्रपटगृहाचा अपवाद वगळता बहुतेक ठिकाणी खुर्च्या रिकाम्या राहिल्या. रूढ हिशेबाने हा व्यवहार बुडीत खात्यात जमा व्हायचा.

तसे झाले नाही, याचे कारण प्रेक्षक. १ एप्रिल १९७६ पासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली चित्रपटगृहात त्याचे मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले. तीच ती मंडळी पुन्हा पुन्हा येऊ लागली, पडद्यावरील पात्रांना मोठ्याने उत्तरे देऊ लागली, पात्रांसारखे कपडे घरी शिवून घालू लागली. पुढे तर पडद्यासमोर उभे राहून चित्रपटाबरोबर तोच प्रसंग वठविणाऱ्या हौशी मंडळ्याच निघाल्या. पडद्यावर पाऊस पडू लागला की प्रेक्षक डोक्यावर वर्तमानपत्र धरतात. आरंभीच्या लग्नाच्या प्रसंगी तांदूळ उधळतात. अक्षता टाकत वाढलेल्या आपल्या माणसांना यात काही परके वाटू नये! ज्यांच्या राहणीची आणि आवडीनिवडींची दिवसाउजेडी टिंगल होत असे, अशा कित्येक तरुणांना त्या अंधाऱ्या सभागृहात प्रथमच मोकळा श्वास घेता आला. सुमारे १४ लाख डॉलरमध्ये तयार झालेल्या या चित्रपटाने कालांतराने दहा कोटी डॉलरहून अधिक कमाई केली आणि २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याला स्थान मिळाले.

या इतिहासावरून एक गोष्ट माझ्या मते निर्विवाद दिसते. या चित्रपटाला जे मोल आले, ते निर्मात्याने ठरविलेले नव्हते. लोकांनी तो वापरून, हाताळून, प्रसंगी त्याची थट्टा करून ते निर्माण केले. आणि त्याच चित्रपटाची बाहुली मात्र ‘हात लावू नका’ अशा थाटात पारदर्शक खिडकीच्या खोक्यात बसते. ही विसंगती बोचते. आठवण म्हणून, प्रेमापोटी कोणी ती घेत असेल, तर त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ‘ही गुंतवणूक आहे’ हे वाक्य कानी पडले, की मात्र थांबून विचार करावासा वाटतो.

हा समज येतो कोठून? त्याला काही खरी उदाहरणे आहेत. १९७७ च्या मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला तेव्हा केनर या कंपनीजवळ बाहुल्या तयार नव्हत्या. नाताळ तोंडावर आला, तेव्हा कंपनीने चक्क रिकामे खोके विकले! आत एक प्रमाणपत्र होते. ते भरून पाठविले की पुढील वर्षी चार बाहुल्या घरपोच मिळणार होत्या. बँकेच्या भाषेत बोलायचे, तर ती खेळण्यांची वचनचिठ्ठीच. याच मालिकेतील बोबा फेट या पात्राची अग्निबाण सोडणारी बाहुली १९७९ मध्ये जाहीर झाली, पण लहान मुलांच्या घशात तो बाण अडकेल या भीतीने ती बाजारात आलीच नाही. तिच्या नमुन्यांपैकी जे थोडे उरले, त्यांतील एकाला २०२४ साली लिलावात ५ लाख २५ हजार डॉलर मिळाले. हा आकडा खरा आहे आणि सर्व घोटाळा तेथूनच सुरू होतो.

कारण त्या नमुन्याची दुर्मिळता अपघाताने आलेली होती. पुढे किंमत येईल म्हणून ते कोणी जपले नव्हते. सत्तरच्या दशकातील खेळणी मुलांनी तोडली, हरवली, मातीत लोळवली. म्हणून जी धड राहिली ती महाग झाली. आज सारेच संग्राहक खोके न उघडता ठेवीत असतील, तर वीस वर्षांनी धड खोक्यांचा दुष्काळ पडणार कसा? कंपन्यांनाही हे कळते. म्हणून त्या दुर्मिळता कारखान्यातच तयार करतात. फंकोच्या काही बाहुल्यांची वेगळ्या रंगरूपाची ‘चेस’ आवृत्ती निघते. तिचे प्रमाण सहांत एक असे असते. सहांत एक हे दुर्मिळतेचे नव्हे, सोडतीचे गणित झाले.

अमेरिकेने हा धडा एकदा गिरविला आहे. नव्वदच्या दशकात बीनी बेबीज नावाच्या कापडी प्राण्यांनी तेथे असे वेड लावले, की १९९९ साली लास व्हेगासमधील एका घटस्फोटित जोडप्याने न्यायालयाच्या जमिनीवर बसून त्यांची एकेक करून वाटणी केली. पुढे ते भाव कोसळले आणि पेट्याच्या पेट्या माळ्यावर पडून राहिल्या. खुद्द फंकोनेही २०२३ मध्ये तीन कोटी ते तीन कोटी साठ लाख डॉलर किमतीचा शिल्लक माल नष्ट करण्याचे जाहीर केले, कारण तो विकून येणाऱ्या पैशांपेक्षा तो सांभाळण्याचा खर्च अधिक होता. जो माल त्याचा निर्माताच भंगारात काढतो, त्याला आपण मत्ता म्हणावे काय?

शाखेत काम करताना एका तरुण ग्राहकाने मला विचारले होते, ‘साहेब, सोन्यावर कर्ज देता, मग संग्रहावर का नाही?’ प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सोन्याचा कस लावता येतो, वजन करता येते, भाव रोज छापून येतो आणि विकायला गेले तर त्याच दिवशी पैसे हाती पडतात. बाहुलीची किंमत म्हणजे संकेतस्थळावर कोणीतरी मागितलेली रक्कम. मागितलेली रक्कम आणि प्रत्यक्ष मिळालेली रक्कम यांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. खरेदीदार नेमका त्याच पात्राचा चाहता हवा. तो मिळेपर्यंत थांबण्याची तयारी हवी.

त्यातून खरेदी क्रेडिट कार्डावर झाली असेल, तर हिशेब आणखी कठोर होतो. थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले, तर दहा हजार रुपयांचे वर्षाअखेर चक्रवाढीने पंधरा हजारांहून अधिक होतात. कर व दंड वेगळेच. म्हणजे केवळ बरोबरी साधण्यासाठी त्या बाहुलीने वर्षभरात दीडपट व्हायला हवे. आयातीचा मुद्दाही लक्षात घ्यावा. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेण्यात आले. आपण परदेशी वस्तूसाठी मोजलेल्या रकमेचा हा वाटा सरकारी तिजोरीत गेलेला असतो. परदेशातील ग्राहक तो भरून देणार नाही. त्याला तीच वस्तू त्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानात शुल्काविना मिळते.

हे सारे लिहूनही छंद सोडा, असे मी कोणाला सांगणार नाही. छंदासाठी दरमहा ठरावीक रक्कम बाजूला काढावी, ती खर्चाच्या रकान्यात लिहावी आणि भविष्याची तरतूद मुदत ठेव, भविष्य निर्वाह निधी यांसारख्या साधनांतून वेगळी करावी. मौल्यवान वाटणाऱ्या वस्तूंची पावत्यांसह यादी घरातल्या एका तरी व्यक्तीला ठाऊक असावी. तिकिटे आणि नाणी जमविणाऱ्यांच्या पश्चात त्यांचे वारस गोंधळून गेलेले आम्ही शाखेत पाहतो. बाहुल्यांच्या बाबतीत तर वारसांना ती नातवंडांची खेळणी वाटण्याचाच संभव अधिक. आणि नातवाने खोके फोडून त्या विक्षिप्त डॉक्टरला खाटेखालच्या गढीत राहायला पाठविलेच, तर म्युनिकच्या म्युझियम लिष्टश्पीले चित्रपटगृहात १९७७ पासून दर आठवड्याला तांदूळ उधळणाऱ्या मंडळींना त्यात वावगे काही वाटणार नाही.